पिसाची माशी

अजनीच्या रेल्वे क्वार्टरच्या गच्चीवर
विल्फ्रेड अंकलनी मला दोरी फेकायला शिकवली.
पाणी नव्हतंच. मे महिना, पाय भाजणारी फरशी,
टाकीजवळ जर्मनचं पोचे पडलेलं घमेलं,
आणि त्यात जाऊन पडायची माशी:
कोंबड्याच्या मानेचं पीस, तांबडा रेशीमदोरा,
आत वाकडा काटा. बस्स.
"खांदा नको गं, मनगट. आणि घाई कुणाला आहे?"
सत्तर साली, रेल्वेच्या पासावर,
ते कुल्लूकडच्या एका तळ्यापर्यंत चढून गेले होते,
बर्फाच्या पाण्यात मांडीपर्यंत उभे राहिले होते.
ट्राउट म्हणताना त्यांचा आवाज गार व्हायचा.

ते गेल्यावर काठी माझ्याकडे आली.
चार तुकडे, फ्लॅनेलची पिशवी,
सिगारेटच्या डब्यात अकरा माश्या.

नागपुरात ट्राउट नसते, हे मलाही कळतं.
तरी पोळ्यानंतरच्या एका रविवारी
मी पहाटेची देवलापारची बस धरली.
कंडक्टरनं पिशवी चाचपून विचारलं, "बासऱ्या काय?"
मी हो म्हटलं.

फाट्यावर फागू मारबते उभा होता,
जाळं न घेता, नुसती कुऱ्हाड घेऊन.
दोन टेकड्या, मधे गुडघाभर नाला,
मोज्यांत कुसळं, कानाशी चिलटं.
सागाची पानं अळ्यांनी खाऊन नुसत्या शिरा उरलेल्या.
फागू म्हणाला, "इतक्या बारीक आसाचं जाळं
माह्या बापालेबी विणता नाई आलं."
मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
एका ठिकाणी त्यानं चिखलातला पंजा पायानं पुसला,
मला दिसला नाही असं समजून.

बोडी अचानकच आली.
कुण्या मालगुजारानं बांधलेली, नंतर सगळ्यांनी विसरलेली;
पाळीवर अर्जुनाची झाडं, अर्ध्यावर शिंगाड्याचे वेल,
मधे काळं, उघडं, कुणाचंच नसलेलं पाणी.

फागूनं माशी तळहातावर घेतली.
"याच्यात खायाचं काईच नाई?"
"नाही."
"म्हंजे लबाडीच होय नं."
त्यानं ती परत दिली, जराशी सांभाळून.

तास गेला. दोरी दोनदा झाडात, एकदा माझ्याच केसांत.
मग समोर पाण्यावर एक तांबूस डाग दिसला,
ताटाएवढा, बारीक उकळल्यासारखा हलणारा.
मला वाटलं, किडे असतील.
मनगट आठवलं. घाई सोडली.
माशी डागाच्या कडेला टेकली,
आणि पाणी फुटलं.

चाळीस वर्षं मुकं असलेलं रीळ ओरडलं.
काठी वाकली तशी मीही वाकले,
आणि काठाच्या गाळात आली ती मरळ,
काळीभोर, सापाच्या डोक्याची, हातभर लांब,
श्वासासाठी नाही, भांडणासाठी तोंड उघडलेली.

"सोड तिले," फागू कमरेपर्यंत पाण्यात होता.
"थे लाल दिसते नं, थे तिचे पोरं होत.
भुकेनं नाई धरलं तिनं. रागानं धरलं."

मागे डाग विस्कटत होता.
एक खंड्या आधीच फांदीवर येऊन बसला होता.
माझे हात थरथरत होते; काटा निघेना.
निघाला तेव्हा तिचं थोडं, माझ्या अंगठ्याचं जास्त
रक्त त्या पाण्यात गेलं.
ती वळली नाही, दिसेनाशी झाली;
आणि हळूहळू तो डाग
पुन्हा एका जागी गोळा झाला.

परतताना नाल्यापाशी फागूनं विचारलं,
"तुमची थे टरावट, पोरं राखते काय?"

ठाऊक नव्हतं.
अंकलनी ते कधी सांगितलं नाही.
त्यांना उभ्या जन्मात एकच मिळाली होती,
आणि ती त्यांनी तिथेच, काठावर,
लोण्यात तळली होती.